बर्फ कारखान्यातला अमोनिया: विषारीपणाचा वर्ग ३ की ४? आणि डंप टँकवर काय लिहायचं?

बर्फवाला_रत्नागिरी:

नमस्कार मंडळी. मासळी प्रक्रिया युनिट आणि त्याला जोडून लादीचा बर्फ कारखाना, रत्नागिरी तालुका, जेटीपासून जेमतेम पाऊण किलोमीटर. यंत्रणेत निर्जल अमोनिया म्हणजे आर-७१७, एकूण भरण साधारण १२०० किलो. शिवाय ५० किलोचे चार सिलिंडर राखीव. सध्या १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी असल्यामुळे प्लांट थांबलेला आहे. ग्लँड पॅकिंग, ऑइल ड्रेन, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलणं अशी कामं चालू आहेत. त्यातच घातक रसायनांची नोंदवही आणि फलक नव्याने करायचे आहेत.

अडचण अशी की दोन पुरवठादारांचे एसडीएस (रसायनाच्या सुरक्षिततेची माहितीपत्रकं) जुळत नाहीत. एकात श्वासावाटे तीव्र विषारीपणा ‘वर्ग ३’ आणि कवटीचं चित्र आहे. दुसऱ्यात ‘वर्ग ४’ आणि उद्गारचिन्ह. दोघांनीही ‘ज्वलनशील वायू’ लिहिलंय, पण ज्वालेचं चित्र कुणीच दिलेलं नाही. वाहतुकीच्या कलमात दोघांचंही यूएन १००५ (वाहतुकीसाठीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), विषारी वायू.

दुसरा प्रश्न डंप टँकचा. १००० लिटर पाण्याची टाकी आहे, दुरुस्तीच्या वेळी लाइन रिकामी करताना वायू त्यात सोडतात. फोरमनचं म्हणणं, अमोनियाचं पाणी म्हणजे अमोनियाच, तोच फलक तिथेही लावा. हे बरोबर आहे का? आणि काढलेल्या तेलाच्या ड्रमवर काय लिहायचं?

कंप्रेसर_खोली:

वर्ग ३ लिहा. पण का, ते समजून लिहा, कारण तपासणीला आलेला माणूस हेच विचारेल.

जीएचएस म्हणजे रसायनांच्या धोक्यांचे वर्ग ठरवणारी जागतिक पद्धत. तिच्यात वायूंसाठी हद्दी पीपीएममध्ये (दहा लाख भागांतले भाग) आहेत आणि त्या चार तासांच्या संपर्काच्या आहेत. एलसी-५० म्हणजे चाचणीतले निम्मे प्राणी मरतात ती हवेतली मात्रा. ती १०० पर्यंत असेल तर वर्ग १, ५०० पर्यंत २, २५०० पर्यंत ३, २०,००० पर्यंत ४. अमोनियाचे उंदरांवरचे दोन आकडे एसडीएसमधून फिरत असतात. एक ७३३८ पीपीएम, तो एका तासाचा आहे. वायूसाठी एका तासाचा आकडा चार तासांवर आणायचा तर दोनने भागायचा, म्हणजे ३६६९. हा वर्ग ४ मध्ये पडतो. दुसरा आकडा चार तासांचा २००० पीपीएम, तो वर्ग ३ मध्ये पडतो. म्हणजे तुमच्या दोन्ही पुरवठादारांनी हिशेब बरोबरच केलाय, फक्त माहिती वेगवेगळी घेतली. युरोपच्या बंधनकारक यादीत अमोनिया वर्ग ३ मध्ये आहे. दोन आकडे हाती असताना माणसाचा जीव जास्त सांभाळणारा घ्यायचा, म्हणून ३.

इथे आणखी एक चूक फार होते. काही जण २००० पीपीएमचं रूपांतर मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये करतात, उत्तर १.३९ येतं, आणि मग ते बाष्पाच्या तक्त्यात बघतात. तिथे ते वर्ग २ मध्ये बसतं. अमोनिया खोलीच्या तापमानाला वायू आहे, उत्कलनबिंदू उणे ३३ अंश. त्याला वायूचाच तक्ता लावायचा. आपल्या १९८९ च्या घातक रसायन नियमांचे विषारीपणाचे निकष मात्र मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच आहेत आणि त्यांच्या पायऱ्याही वेगळ्या आहेत. म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा, एक जीएचएसचा, एक १९८९ च्या नियमांचा. एकाचा निकाल दुसऱ्यात घुसवू नका.

आता ज्वालेचं. हा भाग मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चित्र नाही म्हणून लोक समजतात की अमोनिया पेटतच नाही. नियम असा: हवेत १३ टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात पेटणारा, किंवा पेटण्याचा पट्टा १२ टक्क्यांहून कमी नसलेला वायू वर्ग १. अमोनियाचा पट्टा साधारण १५ ते २८ टक्के, म्हणजे १३ टक्क्यांचा. नुसत्या आकड्यांनी तो वर्ग १ मध्ये जायला हवा! पण जीएचएसच्या त्याच तक्त्याखाली टीप आहे की अमोनिया आणि मिथाइल ब्रोमाइड हे विशेष प्रकार मानता येतील. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो वर्ग २ लिहिला जातो, एच २२१ (‘एच’ म्हणजे धोक्याच्या ठराविक वाक्याचा क्रमांक). वर्ग २ ला चित्रच नसतं, नुसता ‘सावधान’ हा शब्द असतो, आणि तोही बाकीच्या गुणधर्मांमुळे आलेल्या ‘धोका’ या मोठ्या शब्दात झाकला जातो. म्हणून तुमच्या एसडीएसवर ज्वाला दिसत नाही.

निर्जल अमोनियाची पूर्ण नोंद अशी करा: दाबाखालचा द्रवीकृत वायू एच २८०, ज्वलनशील वायू वर्ग २ एच २२१, श्वासावाटे विषारी वर्ग ३ एच ३३१, त्वचेला संक्षारक (जाळणारा) १बी एच ३१४, डोळ्यांना गंभीर इजा वर्ग १ एच ३१८, जलचरांना अतिविषारी वर्ग १ एच ४००. श्वसनमार्गाला संक्षारक, हेही शब्दांत लिहा. फलकावर एच ३१४ असेल तर एच ३१८ वेगळं छापायची गरज नसते, पण नोंदवहीत दोन्ही राहू देत. चित्रं चार: सिलिंडर, संक्षारक, कवटी, मासा-झाड. कवटी आली की विषारीपणासाठीचं उद्गारचिन्ह काढायचं.

बर्फवाला_रत्नागिरी:

खूप आभार. म्हणजे कंप्रेसर खोलीत आगीची काळजी दुय्यम धरायची का? खोली ६ मीटर बाय ५ मीटर, उंची ४.

कंप्रेसर_खोली:

दुय्यम नाही, पण क्रम कळायला तुमच्याच खोलीचा हिशेब करू. खोली १२० घनमीटर. त्यात १५ टक्के अमोनिया व्हायला १८ घनमीटर वायू लागेल, वजनात सुमारे साडेबारा किलो. आणि ३०० पीपीएम व्हायला? अवघे २५ ग्रॅम. ३०० पीपीएम ही जिवाला तत्काळ धोका मानलेली पातळी आहे. दोन्हींत पाचशे पटींचा फरक. म्हणजे खोली पेटण्याजोगी व्हायच्या कितीतरी आधी आतला माणूस पडलेला असतो. कवटी सगळ्यात वर का, त्याचं उत्तर यात आहे.

पण साडेबारा किलो म्हणजे तुमच्या एका सिलिंडरचा चौथा हिस्सा. बंद खोलीत लिक्विड लाइन फुटली तर ती पातळी काही मिनिटांत येऊ शकते, आणि सोबत कंप्रेसरचं तेल धुक्यासारखं उडालं तर मिश्रण आणखी लवकर पेट घेतं. म्हणून सेन्सरचे तीन टप्पे ठेवा: २५ पीपीएमला सूचना, १५० ला पंखे सुरू आणि माणसं बाहेर, ४०,००० ला खोलीची वीज बाहेरून बंद. ४०,००० म्हणजे पेटण्याच्या खालच्या हद्दीचा साधारण चौथा हिस्सा. एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाराच्या बाहेर हवं, आणि पंख्याची वीज खोलीच्या विजेपासून वेगळी, नाहीतर वीज तोडताच पंखाही थांबेल. कामाच्या आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम आणि थोड्या वेळाची ३५, हे आकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतून आलेले आहेत. तेही फलकावर घाला.

वशिष्ठी_काठ:

डंप टँकबद्दल मी लिहितो. फोरमनचं म्हणणं बरोबर नाही. टाकीत जे आहे ते मिश्रण आहे, त्याचा वर्ग त्याच्या टक्केवारीवर ठरतो. तो दाबाखालचा वायू नाही, त्यामुळे सिलिंडरचं चित्र तिथे चुकीचं ठरतं. आणि चुकीचं चित्र लावलं की माणूस खरं चित्रही वाचायचं सोडतो.

टाकीच्या मापाचा प्रचलित हिशेब असा आहे की एक किलो अमोनियाला साधारण सव्वाआठ लिटर पाणी. १००० लिटर पाण्यात १२० किलो गेला तर १२० भागिले ११२०, म्हणजे १०.७ टक्के. ही तुमच्या टाकीची कमाल धरा. यंत्रणेतलं सगळं १२०० किलो त्यात मावणार नाही, हेही त्याच फलकावर ठळक लिहा: ‘कमाल १२० किलो’.

त्वचेसाठी: संक्षारक घटक ५ टक्के किंवा जास्त असेल तर मिश्रणही संक्षारक, एच ३१४. १ ते ५ टक्क्यांच्या मध्ये एरवी ‘दाहक’ म्हणता येतं, पण अल्कलीच्या बाबतीत घाई करू नका. पीएच ११.५ किंवा वर असेल तर चाचणीचा पुरावा हाती नसताना संक्षारकच धरायचं असतं, आणि अमोनियाचं १ टक्का द्रावणही साधारण ११.५ ला पोचतं. डोळ्यांसाठी हद्द आणखी खाली, ३ टक्क्यांना गंभीर इजा. श्वासनलिकेचा दाह, एच ३३५, हा ५ टक्क्यांपासून.

पाण्यातल्या जिवांसाठी: शुद्ध अमोनिया वर्ग १. मिश्रणात वर्ग १ घटकांची बेरीज २५ टक्के भरली तर मिश्रण वर्ग १. १०.७ त्यात बसत नाही. मग पुढची पायरी, टक्केवारी गुणिले दहा, १०७, ती २५ च्या वर, म्हणून तीव्र वर्ग २. वर्ग २ ला मासा-झाडाचं चित्र नाही. पण म्हणून ते पाणी खाडीत सोडता येतं असं कुणीही समजू नये! माशांना मारतो तो आयनीभवन न झालेला अमोनिया. खाडीच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो आणि २५ अंशांना त्यातला सुमारे ५ टक्के हिस्सा या घातक रूपात राहतो. पाणी जितकं तापलेलं आणि जितकं अल्कधर्मी, तितका हिस्सा वाढतो. हजार लिटर असं पाणी एखाद्या पऱ्ह्यात ओतलं तर ओहोटीच्या वेळी चिखलातलं काही जगणार नाही. कालवं, तिसऱ्या, बोयरीची पिल्लं, सगळं त्याच काठाला असतं.

एक धोका वर्गात दिसत नाही, तो उष्णतेचा. वायू पाण्यात विरघळताना बरीच उष्णता सुटते. १२० किलो वायू १००० लिटरमध्ये झपाट्याने सोडला तर पाणी सुमारे ४५ ते ५० अंशांनी तापतं. आपल्याकडचं पाणी आधीच २८ अंशांचं. पंचाहत्तरच्या पुढे गेलेलं पाणी अमोनिया धरत नाही, उलट सोडायला लागतं, आणि टाकीच्या झाकणातून ढग निघतो. म्हणून हळू सोडायचं, पाइपचं तोंड तळाशी छिद्रांच्या नळीने विभागायचं, आणि होजच्या मुळाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर लाइन थंड होऊन दाब पडला की टाकीतलं पाणी उलटं यंत्रणेत ओढलं जातं.

बर्फवाला_रत्नागिरी:

टाकीतल्या पाण्याला पीएच कागद लावला, १२ दाखवतोय. त्यावरून टक्केवारी काढता येईल?

वशिष्ठी_काठ:

नाही. अमोनिया मंद अल्कली आहे. १ टक्क्याला साधारण ११.५, १० टक्क्यांना १२. कागदावर हा फरक वाचता येत नाही.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग हायड्रोमीटरचा: २० अंशांना ५ टक्क्यांची घनता ०.९७७, १० टक्क्यांची ०.९५७, २५ टक्क्यांची ०.९०७ च्या आसपास. नमुना बाटली बंद ठेवून थंड करून मगच वाचा, उघड्या बाटलीतून अमोनिया उडून जातो. पक्का मार्ग टायट्रेशनचा. टाकीतलं १० मि.लि. पाण्याने १०० करा, त्यातलं १० घ्या, म्हणजे मूळचं १ मि.लि. मिथाइल रेड टाका आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने उतरवा. आम्लाचा दर मि.लि. म्हणजे १७ मि.ग्रॅ. अमोनिया. ५.६ मि.लि. लागलं तर लिटरमागे सुमारे ९५ ग्रॅम, म्हणजे १० टक्के. फिनॉल्फथॅलिन वापरू नका, मंद अल्कलीला त्याचा शेवट नीट सापडत नाही.

ही १० ची रेघ तुम्हाला आणखी एका कारणासाठी लागेल. टँकरवाल्याला द्यायचं झालं तर १० टक्क्यांच्या वर ३५ पर्यंतचं द्रावण यूएन २६७२, संक्षारक वर्ग ८. निर्जलचा यूएन १००५ त्या टँकरवर लावला तर अपघातात अग्निशमनवाले भलत्याच गोष्टीची तयारी करून येतील.

मतलई:

फलकाच्या मजकुरावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वर्ग बरोबर ठरला तरी ‘एच ३३१’ वाचून बर्फ फोडणारा पोरगा पळणार नाही. कोड नोंदवहीत ठेवा. भिंतीवर मराठी, हिंदी आणि जमलं तर नेपाळीतही लिहा, कारण रत्नागिरीच्या बोटींवर आणि प्लांटमध्ये नेपाळी खलाशी-कामगार बरेच असतात. मोठ्या अक्षरात चार ओळी पुरे: श्वासात गेला तर जीव जातो. डोळ्यात-अंगावर उडाला तर जाळतो. पांढरा ढग दिसला तर वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडा. द्रवावर पाणी मारू नका.

शेवटची ओळ खास महत्त्वाची. उडत्या ढगावर पाण्याचा बारीक फवारा चालतो, ढग विरघळतो. पण जमिनीवर साचलेल्या थंड द्रवावर पाण्याचा झोत मारला की तो भसाभस उकळतो. एक लिटर द्रवाचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो.

‘अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो’ हे वाक्य जुन्या फलकांवर असतं. ते खोडा. कोरड्या, कोमट वायूला ते लागू आहे. द्रव फुटून बाहेर पडला तर तो अतिथंड थेंबांसकट येतो, आणि पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत त्याचं दाट पांढरं धुकं होऊन जमिनीलगत, गडगे आणि पाणंदीतून सरकतं.

आता वारा. जून-जुलैत वारा नैऋत्येचा, ढग ईशान्येकडे वस्तीकडे जाणार. पण हंगामात, दसऱ्यानंतर, दिवसा खारे वारे समुद्राकडून आणि रात्री-पहाटे मतलई वारे जमिनीकडून. पहाटे म्हणजे नेमकी बोटी लागायची वेळ, तेव्हा तुमचा ढग थेट जेटीवर. म्हणून जमण्याच्या जागा दोन हव्यात, एक समुद्राकडे, एक डोंगराकडे, आणि वाऱ्याची पिशवी गेटवरून आणि जेटीवरून दोन्हीकडून दिसणारी. खाऱ्या हवेत तिचा बेअरिंग सहा महिन्यांत गंजून अडकतो आणि पिशवी एकाच दिशेला धरून बसते. दर महिन्याला हाताने फिरवून बघा.

मुखवट्याचंही लिहा. हिरव्या पट्ट्याचं ‘के’ फिल्टर फक्त पळून बाहेर येण्यासाठी किंवा किरकोळ गळतीला. ३०० पीपीएमच्या वर हवेचा सिलिंडर असलेलाच संच.

कंप्रेसर_खोली:

तेलाच्या ड्रमचं राहिलं. अमोनिया यंत्रणेत तेल जड, ते तळाशी बसतं, म्हणून रिसीव्हर-बाष्पकाच्या खालून काढतात. ताज्या काढलेल्या तेलात अमोनिया विरघळलेला असतो. गोठलेलं थंड तेल ड्रममध्ये भरून झाकण आवळलं तर ऊन लागताच वायू सुटून ड्रम फुगतो. म्हणून पहिला फलक: ‘अमोनियायुक्त तेल, झाकण आवळू नका, उघड्यावर ठेवा’. ओला लाल लिटमस वर धरल्यावर निळा व्हायचा थांबला की तो फलक काढून दुसरा: ‘वापरलेलं तेल’, २०१६ च्या घातक कचरा नियमांतला प्रकार ५.१, आणि ते फक्त परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच. एकाच ड्रमचे दोन टप्प्यांत दोन वर्ग होतात, त्यात गोंधळायचं कारण नाही.

काढताना हात सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्हच हवा. जाड तेलाचा बोळा अडकतो, माणूस व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, बोळा निघतो आणि मागून द्रव अमोनिया फवारतो. या कामातल्या बहुतेक इजा अशाच होतात. दोन माणसं, पाण्याचा शॉवर दहा पावलांच्या आत. कपडे अंगाला गोठून चिकटले तर ओढायचे नाहीत, आधी पाणी, मग कपडे. डोळे किमान पंधरा मिनिटं धुवायचे.

वशिष्ठी_काठ:

नोंदवहीत ‘कशाबरोबर नको’ या रकान्यात दोन गोष्टी नक्की घाला. तांबं-पितळ: अमोनिया त्यांना खातो, म्हणून गेज किंवा फिटिंग बदलताना बाजारातलं पितळी चालणार नाही, पोलादीच. आणि मासळी युनिटमधलं टेबलं-क्रेट धुण्याचं हायपोक्लोराइट. अमोनियाच्या पाण्यात ते मिसळलं की क्लोरामाइनचा वायू सुटतो, तो डोळे-फुफ्फुसं जाळतो. डंप टँकचा ओव्हरफ्लो आणि धुण्याच्या जागेचं गटार कुठे एकत्र येतंय का, ते पाऊस जरा उघडला की चालत जाऊन बघा. बऱ्याच जुन्या युनिटमध्ये दोन्ही एकाच चेंबरला जोडलेली असतात.

बर्फवाला_रत्नागिरी:

बघितलं. दोन्ही एकाच चेंबरला जातायत. नारळी पौर्णिमेच्या आत ओव्हरफ्लो वेगळ्या खड्ड्याकडे वळवायला घेतो. त्या खड्ड्याचं माप किती धरू?

वशिष्ठी_काठ:

टाकीचे १००० लिटर अधिक दहा टक्के, म्हणजे ११०० लिटर निव्वळ. वर पत्र्याचं छप्पर घाला, नाहीतर कोकणातल्या पावसाने तो एका रात्रीत भरेल आणि गरजेच्या वेळी जागाच उरणार नाही. जांभ्याचं बांधकाम पाणी पाझरतं, आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर इपॉक्सी हवं.